एसीचा गॅस संपत नाही, तो गळतो

मे महिन्यात यवतमाळहून नागपूरला निघालेल्या माणसाला गाडीतला एसी ही चैन वाटत नाही. सकाळी दहा-अकरानंतर डांबरी रस्ता तापू लागतो, पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि नवतप्यात तर संध्याकाळी सहालाही वाऱ्याची झळ कमी होत नाही. गाडीत कधी तपासणीसाठी नेलेले आजारी वडील असतात, कधी तान्हे बाळ. अशा वेळी कळंब येईपर्यंत थंड असलेली हवा हळूहळू कोमट होते आणि मग चक्क गरम येऊ लागते. पुढच्या गॅरेजवर गाडी थांबवली, की बहुतेकदा एकच उत्तर मिळते : ‘‘भाऊ, गॅस संपला असेल. मारून देतो.’’ थोड्या वेळात गॅस भरला जातो, हवा थंड होते, पैसे दिले जातात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार.

यात कोणी फसवलेच असेल असे नाही. मूळ घोळ ‘संपला’ या शब्दात आहे. पेट्रोल जळते म्हणून संपते. एसीतला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. तो बंद नळ्यांमध्ये त्याच त्या वाटेने फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सांध्यांतून तो वर्षाकाठी किंचित झिरपतो हे खरे. पण त्याचा परिणाम जाणवायला कित्येक वर्षे जावी लागतात. दोन-तीन महिन्यांत गॅस कमी झाला, तर तो कुठून तरी गळाला आहे. दुसरी गोष्ट, गरम हवेचे कारण दर वेळी गॅसच असते असेही नाही. ताप आला की जसा मलेरिया, टायफॉइड की साधा सर्दी-खोकला हे आधी पाहावे लागते, तसेच इथेही आहे. गरम हवा हे लक्षण आहे, आजार नव्हे.

थंडी तयार होत नाही, उष्णता बाहेर जाते

माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. विदर्भातली मे महिन्यातली हवा कोरडी असते, म्हणून इथे कूलर छान काम करतो. जुलैत हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसता ओलसर वारा देतो. गाडीच्या एसीतही द्रवाची वाफ होऊनच उष्णता ओढली जाते. फरक एवढाच, की इथली वाफ हवेत सोडून दिली जात नाही. तिला पकडून पुन्हा द्रव केले जाते.

हे काम चार भाग मिळून करतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅसला दाबतो. दाबलेला गॅस तापतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो. तिथे समोरून येणारा वारा आणि पंखा त्याची उष्णता काढून घेतात आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथे दाब एकदम कमी होतो, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ होताना केबिनमधली उष्णता शोषून घेते. वाफ परत कॉम्प्रेसरकडे जाते. लहान गाडीत जेमतेम चार-पाचशे ग्रॅम गॅस असतो. भर उन्हात तोच गॅस तासाभरात शंभराहून अधिक फेऱ्या मारतो.

गेल्या दोन-अडीच दशकांतल्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. मोकळ्या हवेच्या दाबाखाली तो उणे २६ अंशांना उकळतो. म्हणूनच सांधा उघडताना तो अंगावर उडाला, तर कातडीला किंवा डोळ्याला क्षणात हिमदाह होऊ शकतो. बॉनेट उघडून नळीची टोपी स्वतःच पिळून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कापूस, कोळसा आणि ४४ अंश

या साखळीतला कंडेन्सर हा भाग यवतमाळसारख्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त ताण सोसतो. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते. कंडेन्सरमधला गॅस ६० अंशांच्या आसपास असेल आणि बाहेरची हवा ३० अंश असेल, तर दोन्हींत ३० अंशांचा फरक मिळतो. बाहेर ४४ अंश असेल तर तोच फरक १६ अंशांवर येतो. म्हणजे तेवढीच जाळी, तेवढाच पंखा. पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळपास निम्मी. मग दाब आणखी वाढतो, कॉम्प्रेसर जास्त ओढतो आणि कुठेही थोडी उणीव असेल तर ती उघडी पडते. जानेवारीत ठीक चालणारा एसी एप्रिलमध्ये ‘अचानक’ बिघडतो, त्यामागे अनेकदा हेच असते.

त्यात या जिल्ह्याची धूळ वेगळी. दिवाळीपासून पुढे कित्येक महिने उघड्या ट्रॉल्या आणि टेम्पो भरून कापूस जिनिंगकडे जातो आणि रस्त्याच्या कडेला, काटेरी झुडपांवर त्याचे पुंजके लटकलेले दिसतात. वणीच्या बाजूला कोळसा आणि चुनखडीची धूळ. ही तंतू आणि मातीची सरमिसळ कंडेन्सरच्या पापुद्र्यांत अडकली, की तिचा नमद्यासारखा थर बसू शकतो. तो समोरून दिसतोच असे नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत तो साचलेला असतो. गॅस पूर्ण आहे, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे आणि तरीही हवा गरम, अशी अवस्था केवळ या थरामुळे येऊ शकते. अशा गाडीत आणखी गॅस भरला तर दाब वाढून दुखणे उलट बळावते.

गॅरेजला जाण्याआधीची तपासणी

डॉक्टर जसे आधी विचारतात, कधीपासून, कधी जास्त, कधी कमी, तसेच प्रश्न इथेही कामाला येतात. त्यासाठी हत्यारे लागत नाहीत.

गाडी वेगात असताना हवा थंड आणि सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकाशी उभी असताना गरम होत असेल, तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा साचलेल्या धुळीवर घ्यावा. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो. उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार असतो. एसी सुरू केल्यावर पंखा फिरतो का, हे बॉनेट उघडून लांबूनच पाहता येते. हात मात्र आत घालू नये. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही हा पंखा आपोआप सुरू होतो.

हवा थंड आहे, पण जोरच नाही, असे असेल तर आधी एसी फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. वर्षभर न बदललेला फिल्टर धुळीने इतका भरतो, की त्यातून वारा जाईनासा होतो. खर्च काहीशे रुपयांचा आणि काम दहा मिनिटांचे. श्वासाचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा त्रास असलेल्यांनी तर तो वेळेवर बदललाच पाहिजे.

सुरुवातीला अर्धा तास हवा गार, मग वारा मंदावतो किंवा गरम होतो, एसी काही वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, असे चक्र असेल तर आत बर्फ धरत असण्याची शक्यता असते. कूलिंग कॉइलचा तापमान सेन्सर बिघडला तर कॉइलवर बर्फाचा थर चढतो. गॅसमध्ये ओलावा शिरला असेल तर तो एक्स्पान्शन वॉल्व्हच्या छिद्रात गोठून वाट अडवतो.

एक बाजू थंड आणि दुसरी कोमट येत असेल, तर गॅस कमी असेल किंवा थंड-गरम हवा मिसळणारी डॅशबोर्डमधली झडप अडकली असेल. ही झडप गरम हवेच्या बाजूला अडकली, तर एसी व्यवस्थित असूनही इंजिनाच्या गरम पाण्यावरून आलेली हवा केबिनमध्ये येत राहते.

एसीचे बटण दाबल्यावर पूर्वीच्या गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच बसल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो येत नसेल तर फ्यूज, रिले, क्लचची वायर किंवा दाबाचा स्विच यांपैकी काहीतरी असू शकते. गॅस फार कमी झाला तर हा स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही, म्हणजे त्याची कोरडी झीज होत नाही. कॉम्प्रेसर सुरू होत नाही म्हणून स्विचला वायर जोडून तो जबरदस्तीने चालवणे, हा नवा खर्च ओढवून घेण्याचा हमखास मार्ग. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, त्यामुळे आवाज आला नाही म्हणून घाबरू नये. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर मोठ्या दाबाच्या विजेवर चालतो. तिथल्या नारिंगी वायरींना घरी हात लावायचा नाही.

इंजिनाच्या तापमानाचा काटाही पाहावा. इंजिन जास्त तापले की अनेक गाड्या एसी आपोआप बंद करतात. तिथे एसीचा गॅस तपासण्यात वेळ घालवण्यापेक्षा रेडिएटरचे पाणी आणि पंखा पाहणे तातडीचे असते. अर्थात, तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

एक साधे मापही घेता येते. भिंतीवर लावतो तसला किंवा स्वयंपाकघरातला थर्मामीटर मधल्या जाळीत ठेवावा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. काचा बंद, पंखा मध्यम वेगावर, बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवण्याचे बटण चालू. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवल्यावर जाळीतून येणारी हवा साधारण १० अंशांच्या आसपास असावी. कडक उन्हात उभ्या गाडीत ती चार-पाच अंशांनी जास्त भरेल, त्यात बिघाड नाही. पण ती २५-३० अंशांवर अडून बसली असेल, तर तपासणी हवीच. हा आकडा आणि तो कोणत्या वेळी घेतला हे कागदावर लिहून मिस्त्रीला दाखवले, की निम्मे काम सोपे होते.

‘गाडीखाली पाणी पडत नाही, म्हणजे एसी बिघडला’ असाही एक समज आहे. ते पाणी म्हणजे हवेतलाच ओलावा, थंड कॉइलवर जमलेला. मे महिन्यात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते, की चांगल्या एसीतूनही थोडेच पाणी पडते. पावसाळ्यात मात्र धार लागायला हवी. तेव्हा पाणी गाडीखाली न पडता पायाशी आले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

गेजच्या दोन काट्यांची भाषा

गॅरेजमध्ये निळ्या आणि लाल नळीचे गेज लावतात. निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या बाजूचा. आर-१३४ए असलेल्या, नीट चालणाऱ्या गाडीत उन्हाळ्यात निळा काटा साधारण ३० ते ५० पीएसआय आणि लाल काटा २०० ते ३०० पीएसआय दाखवतो. भर उन्हात लाल काटा याहूनही थोडा वर जातो.

दोन्ही काटे एकत्र वाचले तरच निदान होते. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. निळा जास्त आणि लाल कमी, दोन्ही जवळजवळ येत असतील तर कॉम्प्रेसरची ताकद गेलेली असते. निळा शून्याच्या खाली ओढला जात असेल तर पुढे कुठे तरी वाट तुंबली आहे, बहुधा एक्स्पान्शन वॉल्व्ह किंवा ड्रायर. दोन्ही जास्त असतील तर गॅस गरजेपेक्षा जास्त भरला आहे, नळीत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. या शेवटच्या अवस्थेत आणखी गॅस भरणे म्हणजे रक्तदाब वाढलेल्या माणसाला मीठ खायला घालणे.

इंजिन बंद असताना लावलेला गेज मात्र फसवतो. गाडी बराच वेळ उभी असेल आणि आतले तापमान ४० अंश असेल, तर दोन्ही काटे सुमारे १३० पीएसआयवर थांबतात. आत ४५० ग्रॅम गॅस असो की २५० ग्रॅम, आकडा तोच येतो. कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब केवळ तापमानावर ठरतो. घरचा सिलिंडरही याच कारणाने अगदी शेवटपर्यंत जोरात जळतो आणि मग एकाएकी विझतो. सिलिंडर किती भरला आहे हे जसे वजन करूनच कळते, तसेच एसीतला गॅसही वजनावरच मोजावा लागतो. किती ग्रॅम भरायचा हे बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर कंपनीने लिहिलेले असते. ‘अंदाजे भरला’ या उत्तरावर समाधान मानू नये. लहान गाडीत पन्नास-साठ ग्रॅमचा फरकही जाणवतो.

गळती शोधल्याशिवाय भरणे नाही

गॅस कमी निघाला तर पुढचा प्रश्न एकच, तो गेला कुठून? गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलसर डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. कोरड्या नळीवर एखाद्याच सांध्याला काळपट, चिकट मळ दिसला, तर पहिला संशय तिथेच घ्यावा. खडीने मार लागलेला कंडेन्सर, सांध्यातल्या कडक झालेल्या ओ-रिंग, गॅस भरायच्या तोंडातली पिन आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील या नेहमीच्या जागा. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असल्याने तिथली गळती शोधणे सर्वांत किचकट.

गळती शोधायला साबणाचा फेस, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा निळसर दिव्याखाली चमकणारा रंग वापरतात. नळ्या रिकाम्या असतील तर कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहतात. इथे ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. टायरमध्ये भरायची हवाही नको, कारण तिच्यासोबत ओलावा आत शिरतो.

दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावणे ही सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. नळ्या उघडल्या की हवा आणि बाष्प आत जाते. ते काढायचे तर आतला दाब इतका खाली आणावा लागतो, की पाणी साध्या तापमानालाच उकळेल. ३० अंशांना पाणी उकळवायचे तर दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर यावा लागतो. त्यासाठी पंप निदान अर्धा तास चालायला हवा आणि तो बंद केल्यावर काटा जागचा हलता कामा नये. काटा वर सरकला, तर गळती अजून आहे. हा टप्पा गाळला तर आत राहिलेला ओलावा गोठून वाट अडवतो आणि तेल व गॅसशी मिळून आम्ल तयार करतो. ते आम्ल आतल्या धातूला खात राहते. ओलावा शोषणारा ड्रायरही, नळ्या उघडल्यानंतर बदलणेच शहाणपणाचे.

सगळे झाल्यावर व्हॅक्यूम टिकतो हे पाहून, ठरलेले तेल घालून, वजन करून गॅस भरायचा. हे सारे व्हायला दोन-तीन तास लागतात. पंधरा मिनिटांत होणारे काम म्हणजे दुरुस्ती नव्हे, तात्पुरती मलमपट्टी.

स्वस्तात पडतो म्हणून अनोळखी मिश्रण किंवा स्वयंपाकाचा गॅस भरण्याला तर ठाम नकार द्यावा. कूलिंग कॉइल फुटली तर हा ज्वालाग्राही गॅस बंद केबिनमध्ये, माणसांच्या नाकातोंडाशी येतो. गळती बुजवणारी रसायने भरलेले डबेही मिळतात. ती गळतीबरोबर वॉल्व्हची बारीक छिद्रेही बुजवू शकतात.

कंडेन्सर धुणे जमण्यासारखे

उन्हाळा लागण्याआधी, कापसाची वाहतूक ओसरल्यावर एकदा कंडेन्सर धुतला तर बराच त्रास वाचतो. इंजिन पूर्ण थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने, शक्य तिथे आतून बाहेरच्या दिशेने धुवावा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने निघतो. सर्व्हिसिंगचा जोरकस फवारा जवळून मारला तर पापुद्रे वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. थर खूप जुना असेल तर पुढचा बंपर काढून सफाई करून घ्यावी.

वाटेतच एसी बंद पडला तर

ज्याच्यासाठी हा एसी आहे, ते शरीर यंत्रापेक्षा नाजूक असते. कोरड्या उन्हात घाम येताच उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले हे कळतच नाही. गरम हवा येत असताना पंखा जोरात सोडणे हा उपाय वाटतो. पण हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याचा वारा शरीर गार करण्याऐवजी तापवतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. त्यापेक्षा काचा उघडाव्यात, डोके, मान आणि हात ओल्या फडक्याने पुसत राहावे. ओल्या कातडीवरून जाणारा कोरडा वारा खरोखर गारवा देतो. दर थोड्या वेळाने पाणी, ताक किंवा ओआरएस घ्यावे. दुपारी बारा ते चार प्रवास टाळता आला तर उत्तम. वयस्क माणसे, गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, यांना त्रास लवकर होतो. सोबतचे इन्सुलिन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नये. गारवा टिकवणाऱ्या पिशवीत ठेवावे.

कोणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या जाऊ लागल्या, शुद्ध हरपू लागली आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर मेंदूला आणि इतर अवयवांना इजा होऊ लागते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत गार पट्ट्या ठेवाव्यात. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

उभ्या गाडीचा धोका त्याहून मोठा. अमेरिकेत २००५ मध्ये ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात उभ्या केलेल्या गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत ठेवून बाजारात जाणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणेही तितकेच घातक. इंजिनाचा धूर आत शिरला तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच प्राण घेऊ शकतो. लांबच्या प्रवासात आतलीच हवा तासन् तास फिरवत ठेवली तर कार्बन डायऑक्साइड वाढून चालकाला झापड येते. अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी.

हा प्रश्न केवळ मोटारमालकांचाही नाही. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर आणि वणीच्या कोळशाच्या फेऱ्यांवर चालणारे ट्रकचालक दिवसाचे दहा-बारा तास तापलेल्या केबिनमध्ये काढतात. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक करणारा केंद्राचा नियम २०२५ मध्ये अमलात आला. या एसींनाही धूळ तीच आणि ऊनही तेच. त्यांची योग्य निगा राखली गेली, तरच नियमाचा उपयोग चालकापर्यंत पोहोचेल.

हवेत सोडलेला गॅस

गळतीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत गाडीबाहेरही मोजावी लागते. पूर्वीच्या गाड्यांतला आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला भोके पाडत होता. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी तो धोका दाखवून दिला, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि त्या गॅसची जागा आर-१३४एने घेतली. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट प्रभावी आहे. म्हणजे ४५० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याएवढा बोजा वातावरणावर पडतो. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस येतो. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम नगण्य आहे, पण तो किंचित ज्वालाग्राही आहे आणि त्याची भरण्याची साधने वेगळी आहेत. एका गॅसच्या गाडीत दुसरा गॅस भरू नये. नळ्या उघडण्याआधी जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने ओढून घेतला पाहिजे.

गॅरेजमध्ये बिल देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. जुना गॅस किती ग्रॅम निघाला? गळती कुठे सापडली आणि तिथे काय बदलले? व्हॅक्यूम किती वेळ टिकवून पाहिला? नवा गॅस वजन करून किती भरला? हाताखाली पंप आणि काटा असलेला चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही; उलट गिऱ्हाईक समजून घेणारे आहे म्हणून मोकळेपणाने सांगतो. चारही उत्तरे बिलाच्या मागे लिहून ठेवावीत. पुढच्या उन्हाळ्यात हवा पुन्हा कोमट झालीच, तर तपासणी कुठून सुरू करायची हे त्या कागदावरून कळेल.